जंगलाला लागून वावर असेल तर धुरा पेटवायच्या आधी हे वाचा

पळस फुलायला लागला, चना सोंगणीवर आला अन् आपल्या इकडं धुरे, म्हणजे शेताचे बांध, साफ करायची घाई सुरू झाली. वनविभागाच्या हिशोबात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा सीझन. पण वावरातला जाळ काही तारीख पाहून लागत नाही, गवत वाळलं की काडी लागलीच समजा.

तीन वर्षांआधी मी स्वतःच धुरा पेटवला होता. सकाळचे दहा वाजले होते, हवा बिलकुल नव्हती, दोन बकेटा पाणी जवळ ठेवलं होतं अन् वाटलं अर्ध्या तासात होऊन जाईल. साडेअकराला वारा फिरला अन् कुसळी गवतातून आग अशी पळाली की मी नुसता पाहात राह्यलो, शेजारच्या काकांच्या संत्र्याच्या बगीच्यात शिरली, बावीस झाडं होरपळली, ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटल्या, अन् तिथून नाला ओलांडून जंगलात गेली. काकांचं नुकसान मी भरून दिलं पण दहा वर्षं जपलेलं झाड पैशानं परत येत नाही. सर्वात जास्त काय लागलं मनाला सांगू? त्या टाइमले माझ्या फोनमध्ये बीटच्या गार्डचा, म्हणजे आपल्या भागातलं जंगल सांभाळणाऱ्या वनरक्षकाचा, नंबरच नव्हता. जंगल माझ्या धुऱ्यापासून चाळीस पावलावर, अन् ते सांभाळणाऱ्या माणसाशी माझी ओळख नाही.

म्हणून पहिलं काम हे करा, याच आठवड्यात. आपल्या बीटचे वनरक्षक, राउंडचे वनपाल (वनरक्षकाच्या वरचे साहेब), पोलीस पाटील, लाइनमन अन् जंगलाच्या काठावर ज्यांचं ज्यांचं वावर आहे त्या सगळ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप बनवा. ग्रुपवर गुड मॉर्निंग नको, फक्त आग, धूर अन् कोण कधी धुरा जाळणार एवढंच. सोबतच जंगलाची हद्द अन् कंपार्टमेंट (जंगलाचा तुकडा) नंबर गार्डकडून समजून घ्या, म्हणजे फोनवर "टेकडीच्या मागं कुठंतरी" असं सांगायची पाळी येणार नाही.

दुसरं म्हणजे जाळरेषा, आग पुढं जाऊ नये म्हणून मोकळा केलेला पट्टा. वनविभाग सीझनच्या आधी आपल्या हद्दीत गवत कापून, जाळून पट्टा मोकळा करते, पण बऱ्याच ठिकाणी तो पट्टा अन् आपला धुरा यांच्यामध्ये जी जागा उरते तिथं कमरेएवढं गवत तसंच उभं राह्यते, कारण ती जागा ना त्यांना आपली वाटते ना आपल्याला. आग तिथूनच इकडून तिकडं जाते. राउंड ऑफिसला जाऊन सांगा की साहेब, तुमचे मजूर ज्या दिवशी आमच्या बाजूला येतील त्या दिवशी आम्ही पण येतो. त्यांनी त्यांची बाजू करायची, आपण आपल्या हद्दीत वखर नाहीतर रोटाव्हेटर मारून दहा-पंधरा फुटाचा पट्टा काळ्या मातीचा उघडा करायचा. उघडी माती सर्वात भारी, तिच्यात जळायला काही नसते. कापलेलं गवत मात्र जंगलाच्या बाजूला ढकलू नका, बैलांपुढं टाका नाहीतर खताच्या खड्ड्यात घाला. अन् आपल्या मनानं काडी घेऊन जंगलाच्या हद्दीत जाऊ नका. भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणं राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, अन् जंगलाला धोका होईल अशी आग पेटती सोडणं पण त्यातच येते. त्याच कायद्याच्या कलम ७९ मध्ये हे पण आहे की ज्यांना जंगलात चराई किंवा वनउपजाचा हक्क आहे त्यांनी आगीची खबर द्यायची अन् विझवायला मदत करायची. म्हणजे हे काम आपल्याकडं पण आहेच.

पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचं काय? धुऱ्यावर ढीग लावायचा अन् मार्चात पेटवायचा ही सवय सोडा भाऊ. त्या ढिगात गुलाबी बोंडअळी पुढच्या सीझनपर्यंत दबून बसते, अन् उन्हाळाभर तो ढीग म्हणजे जंगलाच्या तोंडाशी ठेवलेलं सरपण. चार-पाच जण मिळून भाड्यानं श्रेडर आणा, चुरा करा. गाझियाबादच्या सेंद्रिय शेती केंद्राचं वेस्ट डीकंपोजर (काडीकचरा कुजवणारं द्रावण) मिळालं तर २०० लिटर पाण्यात २ किलो गूळ अन् त्याची एक बाटली टाकून आठवडाभर रोज ढवळा अन् चुऱ्यावर शिंपडा. गव्हाची धसकटं पण मातीतच जाऊ द्या.

तरी काही जणांना धुरा जाळावाच लागते असं वाटते. माझं मत नको असंच आहे, पण जाळणारच असाल तर आदल्या दिवशी ग्रुपवर टाका अन् शेजाऱ्याला तोंडानं सांगा. सकाळी दव असताना सुरू करून नऊच्या आत संपवा. पेटवायचं ते वाऱ्याच्या उलट दिशेनं, थोडं थोडं, अन् आधी चारी बाजूंनी वखरून घेतलेलं पाह्यजे. दोन फवारणी पंप भरून, चार माणसं, हिरव्या फांद्या हाताशी. वारा सुटला की काम बंद, मग अर्धाच झाला असला तरी.

डीपीखालचं (विजेच्या ट्रान्सफॉर्मरखालचं) गवत काढायला विसरू नका, वावरावर तारा लोंबत असतील तर वीज कंपनीच्या १९१२ वर तक्रार टाकून नंबर लिहून ठेवा.

आता मोहफूल अन् तेंदूपत्ता, कारण सर्वात जास्त काळजी मला याचीच वाटते. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडते, पाचोळ्यात फूल दिसत नाही म्हणून झाडाखाली काडी लावतात, अन् ती आग तिथं थांबत नाही. झाडून घ्या ना. खराटा घेऊन बुंध्याभोवती जागा साफ करा, खाली जुनी साडी नाहीतर हिरवी नेट अंथरा, फूल स्वच्छ मिळते, राख-माती लागत नाही अन् भाव पण बरा येते. वेचायला भल्या पहाटे मायमाऊल्या जातात, त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचली पाह्यजे, नुसती पुरुषांच्या मिटिंगमध्ये राह्यली तर उपयोग नाही. तेंदूला नवी पालवी यावी म्हणून पण आग लावतात, ते काम झुडपांची छाटणी करून होते. गडचिरोली, गोंदियाकडं बऱ्याच ग्रामसभा सामूहिक वनहक्कावर स्वतः तेंदूचा लिलाव करतात, त्यांनी ठेकेदाराच्या करारातच लिहून घ्यावं की आग लागली तर काय. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं तर तेंदू तोडणंच बंद केलं, पानांसाठी फांद्या तोडल्या जातात अन् आगी लागतात म्हणून. सगळ्यांना ते जमणार नाही, मजुरी बुडते हे मला समजते. पण जाळल्यानं गवत चांगलं येते हे जे म्हणतात ना, आमच्या टेकडीवर तर उलटं झालं, चाऱ्याचं गवत गेलं अन् रायमुनिया (घाणेरी) अन् तरोटा असलं तण माजलं.

अन् आग लागलीच तर? वनविभागाचा हॅलो फॉरेस्ट नंबर १९२६, नाहीतर ११२. सॅटेलाइटवरून पण वनविभागाला अलर्ट जाते, पण सॅटेलाइट दिवसातून ठराविक वेळाच वरून जाते, तुमचा डोळा त्याच्याआधी धूर पाहते. विझवायला जाताना अंगावर सुती कपडे अन् पायात बूट पाह्यजे, नायलॉन बिलकुल नको. चढावर आगीच्या वरच्या बाजूला कधीच उभे राहू नका, आग चढावर फार जोरात पळते. घेरल्यासारखं वाटलं तर जळून काळी झालेल्या थंड जागेत जा. समोरून उलटा जाळ लावायचं काम वनविभागाच्या माणसांशिवाय करू नका, ब्लोअर त्यांच्याकडं असते, त्यांच्या मागं राहून फांद्यांनी कडा झोडपा. लहान पोरांना नेऊ नका.

नुकसान झालं तर काही हलवायच्या आधी फोटो काढा, पटवाऱ्याला त्याच दिवशी कळवून पंचनामा मागा. अन् आग विझली म्हणून लगेच घरी येऊ नका. वाळलेले बुंधे आतून दोन-दोन दिवस धुमसत राह्यतात, दुपारच्या वाऱ्यानं परत पेटतात. रात्री दोघं जण टॉर्च घेऊन कडेनं फिरा, लाल दिसलं तिथं पंपानं पाणी मारून माती लोटा, अन् दुसऱ्या दिवशी दुपारी परत एक चक्कर टाका.