डर्ट बाईकचा कार्ब्युरेटर साफ करायचाय? आधी तिथपर्यंत हात पोचू द्या

चोक ओढला की गाडी चालते, चोक बंद केला की दोन आचके देऊन गप्प होते. हे लक्षण दिसलं की बहुतेक वेळा पायलट जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधून कमी वेगाला पेट्रोल सोडणारा भाग, तुंबलेला असतो. पितळेचा एवढासा तुकडा, त्यातलं भोक बहुधा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की बाऊलमधलं (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीतलं) पेट्रोल उडून जातं आणि उरलेला चिकट राप नेमका त्या भोकात बसतो. साफ करायला पाच मिनिटं पुरतात. वेळ जातो तो तिथवर पोचण्यात, कारण या गाड्यांवर कार्ब्युरेटर फ्रेम, टाकी आणि मागचा शॉक यांच्या बेचक्यात कोंबलेला असतो.

तरी पाना उचलण्याआधी एअर फिल्टर आणि प्लग बघून घ्या. फोर-स्ट्रोक असेल तर व्हॉल्व्हचं क्लिअरन्सही (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली फट) तपासा. इनटेक व्हॉल्व्ह टाइट झाला की थंड इंजिन असंच छळतं आणि माणूस उगाच कार्ब्युरेटर तीनतीनदा खोलत बसतो. इंजिन पूर्ण गार असताना, पिस्टन कॉम्प्रेशनला अगदी वर आणून, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायचं. आकडा तुमच्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधला धरा.

मग गाडी धुवा. कंटाळा येतो, पण कार्ब्युरेटरभोवतीचा वाळका चिखल नंतर थेट इनटेकमध्ये पडतो. धुताना सायलेन्सरचं तोंड आणि एअर बॉक्स (एअर फिल्टरचा डबा) झाकायला विसरू नका.

गाडी वाळली की पेट्रोल कॉक बंद करून बाऊलचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि निघणारं पेट्रोल काचेच्या बरणीत धरा. गाडी मोकळ्या हवेत असू दे, आसपास ठिणगी नको. बरणी उजेडात तिरकी केली की पाणी असल्यास तळाशी थेंब मण्यांसारखे घरंगळतात. मणी दिसले तर टाकीही रिकामी करावी लागणार.

आता सोपी वाट. पुढचा-मागचा क्लँप सैल करा, सेन्सरची वायर असेल तर तिचा कनेक्टर काढा आणि अख्खा कार्ब्युरेटर रबरातल्या रबरात आपल्याकडे फिरवा. केबल आणि नळ्या फार ताणू नका. बऱ्याच फोर-स्ट्रोक गाड्यांवर असणाऱ्या केहिन एफसीआर या जपानी कार्ब्युरेटरच्या बाऊलखाली १७ मिमीचा षटकोनी प्लग असतो. तो काढला की मेन जेट (जादा ॲक्सिलरेटरला पेट्रोल देणारा) हाताशी येतो. पायलट जेटसाठी मात्र मी बाऊल काढतोच.

फिरवूनही जागा मिळाली नाही तर सबफ्रेम (सीटखालची मागची फ्रेम) हलवावी लागते. सीट, साइड पॅनेल, टाकी, सायलेन्सर काढा. कित्येक मॉडेलांवर सबफ्रेमचे खालचे दोन बोल्ट काढून वरचा नुसता सैल केला की ती एअर बॉक्ससकट वर उचलली जाते आणि मागचं रबर कार्ब्युरेटरवरून सुटतं. मग केबल सोडवून तो मागे सरकवून बाहेर काढा आणि इनटेकच्या तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंबा.

बाऊलचे स्क्रू साध्या प्लस डोक्याचे दिसतात, पण जपानी कार्ब्युरेटरवर ते जपानी मापाचे असतात. नेहमीचा पेचकस त्यात निसटतो आणि खाच गुळगुळीत होते. त्या मापाचा पेचकस वापरा. मी तर पहिल्याच खेपेला ते स्क्रू बदलून ॲलनचे टाकले.

जेटच्या खाचेत नेमका बसणारा पेचकसच घ्या, पितळ मऊ असतं. जेट काढून उजेडाकडे धरा. गोल, लख्ख ठिपका दिसला तर तो मोकळा. दिसला नाही तर क्लीनर मारून हवा द्या, नाहीतर नायलॉनचा एखादा केस घाला. तार किंवा ड्रिल घातलं तर भोक मोठं होतं आणि जेट फुकट जातो. बॉडीतल्या वाटाही फुंकायच्या असतात, पण आधी रबरी भाग काढा, क्लीनरने ते फुगतात. चष्मा हवाच, एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्यातून सरळ डोळ्यात येतो.

फोर-स्ट्रोकचा फ्युएल स्क्रू (कमी वेगाचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) काढण्याआधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवून फेरे मोजा आणि लिहून ठेवा. त्याच्या टोकाकडून क्रम असा: ओ-रिंग, वॉशर, स्प्रिंग. ओ-रिंग बऱ्याचदा आतच चिकटून राहते. माझी अशीच राहिली, मला वाटलं हरवली, वर दुसरी घातली आणि दिवसभर स्लो (ॲक्सिलरेटर न देता इंजिन चालण्याचा वेग) जागेवर येईना.

जोडताना दोन्ही रबरं पूर्ण बसलीत का ते बोट फिरवून बघा. मागे फट राहिली तर फिल्टर टाळून धूळ आत जाते आणि पिस्टन रिंगा खाते. पुढे राहिली तर गाडी जादा हवा ओढून तापते. सबफ्रेमचे बोल्ट आधी हातानेच फिरवून लावा, ॲल्युमिनियमचे आटे मरायला वेळ लागत नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर खटकन परत येतो ना, हे हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून तपासा. कार्ब्युरेटर आधी गळत असेल तर इंजिन ऑइलचा वास घ्या. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल ऑइलात उतरलेलं असू शकतं. वास आला तर गाडी सुरू न करता ऑइल बदला.

गाडी गरम झाली की फ्युएल स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत स्लो सगळ्यात वर जाईल ती जागा शोधा, मग आयडल स्क्रूने स्लो खाली आणा. फोर-स्ट्रोकवर फ्युएल स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. टू-स्ट्रोकचा एअर स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो आणि बाहेर काढला की हवा वाढते, म्हणजे उलटं. फोर-स्ट्रोकच्या फ्युएल स्क्रूची योग्य जागा एका फेऱ्याच्याही आत आली तर पायलट जेट मोठा आहे, तीन फेऱ्यांपलीकडे गेली तर लहान. दोन्हींत पुन्हा खोलणं आलं, म्हणून साइड पॅनेल मी हे जमेपर्यंत लावतच नाही.