धंद्यासाठी भागीदार शोधताय? आधी पंचवीस जणांना भेटा

कल्पना पक्की असते, थोडे पैसेही जमलेले असतात, पण एकट्याने झेपत नाही. मग आपण कॉलेजच्या दोस्ताला नाहीतर मावसभावाला हाक मारतो. माणूस चांगलाच असतो, पण तो निवडलेला नसतो, फक्त जवळ असतो. म्हणून वीस-पंचवीस जणांना भेटल्याशिवाय कुणालाही हिस्सा कबूल करू नका.

आधी स्वतःला काय येत नाही ते कागदावर लिहा. समजा, रावेर-यावलच्या केळीची प्रतवारी करणारं यंत्र बनवायचंय आणि यंत्र तुम्हीच बनवू शकता. मग दुसरा इंजिनिअर कशाला? बागेत घड उतरत असताना शेतकरी आणि व्यापारी दोघांशी बोलू शकेल, असा माणूस शोधा.

जळगाव एमआयडीसीत चटई, पाइप, डाळमिलमध्ये दहा-दहा वर्षं काम केलेली माणसं आहेत. विद्यापीठातल्या प्राध्यापकांना नावं विचारा. पुण्यात नोकरी करणारी आपली पोरं दिवाळीला गावी येतात, ते आठ दिवस वाया घालवू नका. नव्या कंपन्यांना पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या वाय कॉम्बिनेटर या अमेरिकी संस्थेनेही 2021 पासून सहसंस्थापक शोधण्याची मोफत ऑनलाइन सोय केली आहे.

पहिली भेट चहावर, तासाभराची. स्वतःची कल्पना दहा मिनिटांत सांगा आणि मग ऐका. शेवटपर्यंत नेलेलं एखादं काम दाखवायला सांगा. पगाराविना घर किती महिने चालेल, हे विचारायला संकोच वाटतो, तरी विचाराच. बोलणी मोडतात ती बहुतेक इथेच. त्याच संध्याकाळी वहीत तीन ओळी लिहा. दहाव्या भेटीनंतर ती वही पुन्हा वाचा. आपल्याला नेमका कसा माणूस हवाय, हे तेव्हा कुठे उमगू लागतं. जास्त भेटींचा खरा फायदा हाच.

मग तिघे निवडा आणि प्रत्येकाबरोबर दोन आठवडे खरं काम करा: दहा शेतकऱ्यांना भेटणं, एका व्यापाऱ्याकडून होकार आणणं. कबूल केलेला फोन कोण करतो, खर्चाचा हिशेब न मागता कोण देतो, ते पाहा. हिवाळा असेल तर मळ्यात भरीत पार्टीला बोलवा. काड्या पेटवून वांगी भाजायला कोण बसतं, तेही दिसेल.

जमलं तर लगेच लेखी करा. 1932 च्या कायद्याखालच्या साध्या भागीदारीत धंद्याचं कर्ज तुमच्या घरादारापर्यंत येऊ शकतं. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट कंपनीत जबाबदारी साधारणपणे मर्यादित राहते. हिस्सा एकदम देऊ नका. चार वर्षांत सारख्या प्रमाणात थोडा थोडा मिळवायचा, पहिल्या वर्षाआधी सोडलं तर शून्य, अशी अट स्टार्टअपमध्ये रूढ आहे. चाळीस टक्के ठरलेला माणूस दीड वर्षाने गेला, तर त्याच्याकडे पंधरा टक्के राहतात.

ज्यांना नाही म्हणायचं, त्यांना आठ दिवसांत स्वतः फोन करा. उद्या कुणाच्या तरी लग्नात एकाच पंगतीला बसायचंय. त्याच फोनवर विचारा, “भाऊ, आणखी कुणाला भेटू?”