चिनी लग्नातील पलंगाची मांडणी : आजच्या घरात हा विधी करताना या चुका टाळा

चिनी कुटुंबांत लग्नाच्या काही दिवस आधी नवदांपत्याचा पलंग शुभ दिवस आणि शुभ वेळ पाहून त्याच्या जागी मांडला जातो. या विधीला मँडरिनमध्ये ‘आन छ्वांग’ म्हणतात. हाँगकाँग, तैवान, सिंगापूर, मलेशिया आणि दक्षिण चीनमधील अनेक घरांत तो आजही पाळला जातो. एरवी रूढींकडे फारसे लक्ष न देणारी तरुण जोडपीही आईवडिलांच्या समाधानासाठी तो करतात. अडचण अशी की हा विधी प्रशस्त खोल्यांच्या, एकत्र कुटुंबाच्या घरात घडला आणि आता तो लहान फ्लॅटमध्ये, घरपोच येणाऱ्या गादीसह आणि हॉटेलातल्या लग्नासह पार पाडायचा असतो.

बहुतेक गोंधळाचे मूळ एकच असते. दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारा सामानाचा तयार संच आधी विकत घेतला जातो आणि विधी नेमका कशाचा आहे हा प्रश्न नंतर पडतो. विधीचा गाभा तीन गोष्टींत आहे : ठरलेल्या वेळी पलंग आपल्या जागेवर येणे, योग्य मानल्या गेलेल्या व्यक्तीच्या हाताने त्यावर अंथरूण घातले जाणे, आणि लग्नापर्यंत त्या पलंगाचा नेहमीसारखा वापर न होणे. बाकीचे सारे प्रांताप्रमाणे आणि घराप्रमाणे बदलते. कँटनी, होक्कियेन, तिओच्यू आणि हक्का या दक्षिण चीनमधून आलेल्या, वेगवेगळ्या बोली बोलणाऱ्या समाजांतील कुटुंबांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. तयार संचात मात्र सगळ्यांचे थोडेथोडे एकत्र केलेले असते, आणि मग दोन्हीकडच्या आज्या त्या ताटाकडे पाहून एकाच वेळी नाराज होतात. म्हणून खरेदीच्या आधी दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांना विचारून यादी करावी आणि तिच्यातील कोणत्या गोष्टी खरोखर आवश्यक आहेत हेही त्यांनाच ठरवू द्यावे.

लग्नाचा दिवस आणि पलंगाचा दिवस

लग्नाचा मुहूर्त निघाला की पलंगासाठीही त्याच्या आसपासचा कोणताही दिवस चालेल, असे अनेक जण गृहीत धरतात. चिनी पंचांगात, म्हणजे कँटनी लोक ज्याला ‘तुंगशिंग’ म्हणतात त्या वार्षिक ग्रंथात, प्रत्येक दिवसासाठी कोणती कामे करावीत आणि कोणती टाळावीत याची यादी असते. त्या यादीत विवाह आणि पलंगाची मांडणी या दोन वेगळ्या नोंदी असतात. शिवाय प्रत्येक दिवस बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातील एका प्राण्याशी विरोधात मानला जातो. तो प्राणी वराचा किंवा वधूचा असेल, तर एरवी चांगला असलेला दिवसही सोडून दिला जातो. सर्वसाधारणपणे लग्नाआधी तीन दिवसांपासून आठवडाभरापर्यंतचा काळ यासाठी पाहतात. वेळ सांगताना जुन्या पद्धतीचा दोन तासांचा प्रहर दिलेला असतो, त्यामुळे घड्याळातील एक नेमका क्षण गाठण्याची धावपळ करण्याचे कारण नाही.

सिंगापूर किंवा हाँगकाँगमधील चिनी घराशी नाते जुळलेल्या मराठी कुटुंबांना येथे एक गोष्ट उपयोगी पडेल. चिनी सातवा चांद्रमास हा भूतांचा महिना समजला जातो आणि त्यात लग्नाचे काहीही केले जात नाही. हा महिना बहुतेक वर्षी आपल्या श्रावणाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. 2024 मध्ये तसेच झाले होते. पण दोन्ही पंचांगांतील अधिक महिने दर वेळी एकाच ठिकाणी पडत नाहीत. 2025 मध्ये चिनी पंचांगात सहावा महिना अधिक आला आणि भूतांचा महिना सरकून आपल्या भाद्रपदाशी जुळला. म्हणून अंदाजावर न जाता त्या त्या वर्षीची दोन्ही पंचांगे शेजारी ठेवून पाहावीत.

पलंग जोडणे म्हणजे पलंग मांडणे नव्हे

सर्वांत जास्त मनस्ताप देणारी चूक ही आहे. फर्निचरचे दुकान शुभ वेळेलाच पलंग पोचवून जोडून देईल, या भरवशावर कुटुंब खोलीत ताटकळत बसते, आणि गाडी प्रहर उलटून गेल्यावर येते. वास्तविक विधी पलंगाच्या सुतारकामाचा नाही, तो जागेवर येण्याचा आहे. पलंग आणि गादी काही दिवस आधीच मागवावीत, जोडून घ्यावीत आणि पलंग ठरलेल्या जागेपासून हातभर बाजूला ठेवावा. शुभ वेळ आली की दोघांतिघांनी तो ढकलून भिंतीला लावला, की मांडणी झाली. सिंगापूरमधील कित्येक कुटुंबे आता असेच करतात, आणि ते परंपरेला सोडून आहे असे म्हणता येणार नाही.

पलंग एकदा मांडला की हलवायचा नाही, हा नियम समजून घ्यायचा तर जुने चिनी पलंग पाहावे लागतात. मिंग आणि छिंग राजवटींच्या काळातील श्रीमंत घरांचा पलंग म्हणजे छत, खांब, कोरीव कठडे आणि पुढे छोटी ओसरी असलेली एक स्वतंत्र खोलीच असे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात असा एक पलंग आहे. चच्यांग प्रांतातील निंगबोच्या परिसरात तर ‘हजार दिवसांच्या मजुरीचा पलंग’ असे नावच रूढ होते. असले धूड एकदा उभे राहिल्यावर कोण कशाला हलवणार? चाकांच्या पायांवरील आजच्या पलंगाला तो नियम जसाच्या तसा लागू करताना थोडे तारतम्य हवे.

हाँगकाँगच्या लहान फ्लॅटमध्ये नेमकी उलट अडचण असते. तेथे पलंग हा बऱ्याचदा भिंतीत बसवलेला लाकडी चौथरा असतो आणि खाली कप्पे असतात, त्यामुळे ढकलायला काही नसते आणि प्रथेप्रमाणे पलंगाच्या पायांखाली नाणी ठेवायची तर पायही नसतात. अशा वेळी ठरलेल्या प्रहरी गादी उचलून पुन्हा नीट बसवावी आणि पैशांची लाल पाकिटे गादीच्या चार कोपऱ्यांखाली ठेवावीत. जुनाच पलंग वापरायचा असेल तर तो थोडा पुढे ओढून परत लावावा आणि अंथरूण मात्र नवे घालावे.

‘भाग्यवान’ स्त्रीचा प्रश्न

अंथरूण घालण्यासाठी जिला बोलावतात तिला कँटनी लोक ‘हो-मेंग-पो’ म्हणतात आणि उत्तर चीनमध्ये ‘छ्वानफू-रेन’. मराठी वाचकाला येथे लगेच सवाष्ण आठवेल, आणि साम्य आहेच, पण चिनी अट त्याहून कडक असते. तिचा नवरा हयात असावा, तिला मुले असावीत, शक्यतो मुलगा आणि मुलगी दोन्ही असावीत, आणि तिचे आईवडीलही हयात असले तर उत्तम, अशी ती अपेक्षा आहे. काही घरांत नातवंडांचीही अट घालतात. लहान झालेल्या कुटुंबांत अशी स्त्री सापडणे दिवसेंदिवस अवघड होत आहे.

येथे होणारी चूक सामाजिक आहे. अटींची यादी हातात घेऊन नात्यातील बायकांची चाचपणी सुरू होते, आणि विधवा काकू, घटस्फोटित आत्या किंवा मूल नसलेली बहीण यांना आपण का वगळलो गेलो हे कोणी न सांगताही कळते. माझ्या मते या विधीत बदल करण्याजोगी पहिली गोष्ट हीच आहे. वराची आई आणि वधूची आई यांनी मिळून चादर घालावी. अनेक कुटुंबांनी हा मार्ग स्वीकारला आहे आणि त्यावर क्वचितच कोणी आक्षेप घेते. फारच आग्रह असेल तर लग्नविधी सांगणाऱ्या व्यावसायिक स्त्रिया हाँगकाँग आणि सिंगापूरमध्ये मिळतात, त्यांना बोलावले की नात्यात निवड करण्याचा प्रसंगच येत नाही. गर्भवती स्त्रिया, सुतकातील माणसे आणि तैवानमध्ये व्याघ्रवर्षी जन्मलेली माणसे यांनी नव्या खोलीत जाऊ नये, अशीही समजूत आहे. ती पाळायची असेल तर त्या माणसांना आधी विश्वासात घेऊन सांगावे. दारातून परत पाठवण्याची वेळ येऊ देऊ नये.

मूल, सुकामेवा आणि गादी

अंथरूण घालून झाले की त्यावर एखाद्या मुलाला लोळायला किंवा उड्या मारायला सांगतात. पूर्वी मुलगाच हवा असे, आणि तो शक्यतो ड्रॅगनवर्षी जन्मलेला. ड्रॅगनवर्ष बारा वर्षांनी येते : 2012 आणि नंतर 2024. या वर्षाचे आकर्षण किती आहे याची कल्पना चीनच्या जन्मसंख्येवरूनही येते. बरीच वर्षे घसरत आलेली ही संख्या 2023 मध्ये 90 लाख 20 हजार होती, ती 2024 मध्ये 95 लाख 40 हजारांवर गेली. पण पलंगासाठी मूल शोधणाऱ्याची यामुळे पंचाईतच होते, कारण आजचा ड्रॅगन एक तर रांगण्या-चालण्याच्या वयाचा असतो, नाही तर पलंगावर लोळायला साफ नकार देणारा किशोरवयीन मुलगा. ओळखीतले हसतेखेळते कोणतेही मूल बोलवावे. मुलगा आणि मुलगी अशी जोडी बोलावण्याची पद्धत आता बरीच रुळली आहे आणि ती अधिक सुंदरही आहे.

याच पलंगावर लाल खजुरासारखी चिनी बोरे, शेंगा, लिचीसारखी लाँगन फळे सुकवून आणि कमळाच्या बिया पसरतात. चिनी भाषेत या चार नावांतील अक्षरे क्रमाने उच्चारली की ‘लवकर गुणी पुत्र होवो’ असा आशीर्वाद ऐकू येतो, म्हणून बोरांऐवजी बदाम किंवा लाँगनऐवजी मनुका ठेवून चालत नाही. एक जिन्नस बदलला की आशीर्वादाचे वाक्य तुटते. पलंगावर असे काही उधळण्याची चाल जुनी आहे. उत्तर सोंग राजवटीची राजधानी असलेल्या काइफंग शहराचे जे वर्णन 1147 मध्ये लिहिले गेले, त्यातही बायका नवदांपत्याच्या पलंगावर नाणी आणि रंगीत फळे टाकतात असा उल्लेख आहे.

चूक होते ती क्रमाची. सोललेले शेंगदाणे पलंगावर पसरून त्यातच तीन वर्षांच्या मुलाला सोडणे धोक्याचे आहे, कारण या वयातील मुलांच्या श्वासनलिकेत दाणा अडकू शकतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल असेल तर आणखीच कठीण. आधी मुलाला लोळू द्यावे, त्याला लाल पाकीट देऊन बाहेर पाठवावे आणि मग फळे ठेवावीत. शेंगा आणि लाँगन कवचासकटच घ्याव्यात. सिंगापूरसारख्या दमट हवेत हे गोड पदार्थ आठवडाभर चादरीवर उघडे राहिले तर मुंग्या हमखास येतात, म्हणून ते लाल कागद घातलेल्या झाकणाच्या ताटात ठेवून ताट पलंगाच्या मधोमध ठेवणे शहाणपणाचे.

अंथरुणाबाबत थोडेच सांगायचे आहे. लाल चादरींचा रंग सुटतो, तेव्हा विधीच्या आधी त्या थंड पाण्यात एकदा वेगळ्या धुवाव्यात. अंथरूण वधूच्या माहेरून यायचे की वराकडून, हे घरागणिक वेगळे असते. ते आधी विचारले नाही तर ड्रॅगन आणि फिनिक्स हा काल्पनिक पक्षी विणलेल्या रजया दोन येतात, आणि एक कपाटात गेली की तिची पाठवणारी माणसे दुखावतात.

आरसा, तुळई आणि रिकामा पलंग

पलंग दारासमोर येऊ नये, त्याच्या थेट वर तुळई नसावी, उशाची बाजू भिंतीला टेकलेली असावी आणि समोर आरसा नसावा, हे नियम बहुतेकांना ठाऊक असतात. लहान खोलीत ते सगळे एकदम पाळता येत नाहीत, आणि त्यासाठी पलंग तिरका करून खिडकी किंवा कपाटाचे दार अडवणे हा उपाय नव्हे. कपाटाच्या आरशावर कापडी पडदा सोडावा आणि उशाला भिंत मिळेल एवढे नक्की पाहावे. तुळईचे निवारण खोटे छत लावून करतात.

मांडलेला पलंग लग्नापर्यंत कसा ठेवायचा, यावर प्रांतांचे एकमत नाही. कँटनी घरांत तो रिकामाच ठेवतात. तैवानमध्ये वराने त्यावर एकट्याने झोपणे अशुभ मानतात आणि झोपावेच लागले तर सोबत एखादा मुलगा देतात. उत्तर चीनमध्ये लग्नाच्या आदल्या रात्री एखाद्या लहान मुलाला मुद्दाम त्यावर झोपवतात. त्यामुळे इंटरनेटवरील एखादी सूचना वाचून सासरच्यांना चुकीचे ठरवू नये. पलंग रिकामा ठेवायचा म्हणजे खोलीही बंद ठेवायची, असे मात्र नाही. नव्या गादीवरचे प्लास्टिक आधीच काढून खोलीत वारा खेळू द्यावा.

आधीपासून एकत्र राहणाऱ्या जोडप्याने तेवढे दिवस झोपायचे कुठे, हा प्रश्न हल्ली नेहमीचा झाला आहे. दुसरी खोली नसेल तर मांडणीचा दिवस लग्नाच्या जितका जवळ मिळेल तितका निवडावा आणि ते दोन-तीन दिवस दोघांनी आपापल्या आईवडिलांकडे राहावे. लग्नाची रात्र हॉटेलातील खोलीत काढायची असेल, तर दुपारी वडीलधाऱ्यांना चहा देण्याचा विधी आटोपल्यावर दोघांनी घरी मांडलेल्या पलंगावर काही वेळ एकत्र बसून यावे. हे आधी ठरवले नाही तर मेजवानीनंतर मध्यरात्री लॉबीत वाद होतो.

वधूवरांच्या खोलीत मित्रमंडळींनी गोंधळ घालण्याची चालही याच पलंगाभोवती फिरते. तिच्यात वधूची किंवा करवलीची छेडछाड होऊ शकते, म्हणून खोलीत कोण येणार आणि किती वेळ थांबणार हे वराने आधीच स्पष्ट सांगावे.

सगळे व्यवस्थित होऊनही कधी वातानुकूलन यंत्र गळू लागते, कधी गादी बदलून घ्यावी लागते आणि मांडलेला पलंग हलवावाच लागतो. अशा वेळी काम उरकून घ्यावे, पंचांगात मांडणीस योग्य असा पुढचा प्रहर पाहावा आणि दोन्ही आयांना बोलावून पलंग परत भिंतीला लावून चादर नव्याने घालावी. ताटातील फळे तीच चालतात. मुंग्या लागल्या असतील तरच बदलावीत.