तीन नियमावल्या, एक अंपायर

अमेरिकेत बेसबॉलची अंपायरिंग करताना हायस्कूल, कॉलेज आणि मेजर लीग (व्यावसायिक बेसबॉल) अशा तिन्ही नियमावल्या वेगवेगळ्या पाठ करत बसू नका. एक पक्की करा आणि बाकीच्यांसाठी नियमांतले फरक शेजारीशेजारी मांडणारं तुलनात्मक पुस्तक घ्या. सुरुवात बॉकपासून करा, म्हणजे रनर बेसवर असताना चेंडू टाकणाऱ्या पिचरने केलेल्या नियमबाह्य हालचालीपासून; तिथेच जास्त गोंधळ उडतो. हायस्कूलमध्ये बॉक होताच चेंडू डेड, म्हणजे खेळ तिथेच थांबतो. मेजर लीगच्या नियमांत मात्र त्याच चेंडूवर फटका बसला आणि बॅटरसकट सगळे रनर किमान एक बेस पुढे गेले, तर बॉक सोडून द्यायचा. हायस्कूलचं केस बुकही, म्हणजे खेळातले प्रसंग देऊन नियम समजावणारं पुस्तकही जवळ ठेवा. नुसत्या कलमांपेक्षा त्यातले प्रसंग डोक्यात राहतात. जुनी आवृत्ती स्वस्तात मिळते, पण घेऊ नका. नियम बदलत राहतात, आणि कोचकडे नवी आवृत्ती असतेच!