बाळाच्या मेंदूतल्या पोकळीचं माप जास्त आलं, तर पुढचे दिवस कसे काढायचे

मी वीस वर्षं कारखान्यात मापं घेण्याचं काम करतो. टूलरूममधून भाग बाहेर पडला की तो माझ्या टेबलावर येतो. मी मायक्रोमीटर लावतो, आकडा लिहितो, पास की रिजेक्ट ते सांगतो. त्यामुळे बायकोच्या गरोदरपणातल्या एकविसाव्या आठवड्याच्या स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘१२.१ मिमी’ वाचलं, तेव्हा बाकी काही कळलं नाही तरी एवढं कळलं, की मर्यादा १० ची आहे आणि आपलं बाळ मर्यादेच्या बाहेर आहे. माझ्याकडे असा भाग लाल ट्रेमध्ये जातो. त्या रात्री डोळे मिटले की तो ट्रेच समोर यायचा.

आमची मुलगी आता चार वर्षांची आहे. त्या साडेचार महिन्यांत काय करायला हवं होतं, त्यातलं काय केलं आणि काय उशिरा सुचलं, ते इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही. तुमच्या बाळाचं तुमचे डॉक्टरच सांगतील. पण त्यांना काय विचारायचं हे ठाऊक असलं, तर त्यांचं बोलणं कानावरून जात नाही.

मोजलंय काय, ते आधी समजून घ्या

‘डोक्यात पाणी आहे’ हे वाक्य कुणी ना कुणी म्हणणारच. ते ऐकून छातीत धस्स होतं. पण मेंदूत पाणी सगळ्यांच्याच असतं. मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात, त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात. तिथेच एक स्वच्छ द्रव तयार होतो, एका पोकळीतून दुसरीत वाहतो, बाहेर पडून मेंदू आणि मणक्याभोवती फिरतो आणि रक्तात शोषला जातो. दोन मोठ्या पोकळ्या डावी-उजवीकडे असतात. स्कॅनमध्ये त्यांच्या मागच्या भागाची रुंदी मोजतात, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, पोकळीच्या लांबीला काटकोनात. सरासरी साडेसात मिलिमीटरच्या आसपास येते. १० किंवा त्याहून जास्त आली, की रिपोर्टवर व्हेंट्रिक्युलोमेगॅली लिहितात.

यातली एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. चौदाव्या आठवड्यानंतर डोकं वाढत राहतं, पण ही रुंदी जवळपास तेवढीच राहते. म्हणून विसाव्या आठवड्याला मर्यादा १० आणि बत्तिसाव्यालाही १०च. दोन स्कॅनचे आकडे थेट शेजारी ठेवून बघता येतात.

१० ते १२ सौम्य, १३ ते १५ मध्यम, १५ च्या वर गंभीर, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी करतात. काही डॉक्टर १५ पर्यंत सगळ्यालाच सौम्य म्हणतात. म्हणून शब्दावर जाऊ नका, दोन्ही बाजूंचे आकडे लिहून घ्या. आमच्या रिपोर्टवर एकच आकडा होता. उजवी बाजू ८ आहे, म्हणजे नेहमीसारखीच आहे, हे आम्हाला चार दिवसांनी विचारल्यावर कळलं.

आता मापाच्या माणसाचं एक सांगणं. नळी सरळ कापली तर छेद गोल दिसतो, जरा तिरकी कापली तर लांबट. पोकळीचंही तसंच आहे. बाळ हलतं, डोकं वळलेलं असतं, छेद थोडा तिरका गेला तरी रुंदी वाढून येते. दोन तज्ज्ञांच्या हातात एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. प्रोबच्या, म्हणजे पोटावर फिरवतात त्या सोनोग्राफीच्या साधनाच्या, जवळच्या बाजूची पोकळी कवटीच्या सावलीत नीट दिसतही नाही. कारखान्यात मर्यादेच्या काठावरचा भाग मी एका मापावर कधीच बाद करत नाही. म्हणून दुसरं माप घ्यायला लावा, आणि ते गर्भाच्या मेंदूची तपासणी नेहमी करणाऱ्या तज्ज्ञाकडून, म्हणजे फीटल मेडिसिनवाल्याकडून घ्या. आमचं दुसरं माप ११.३ आलं. तरी मर्यादेबाहेरच, पण आता निदान त्या आकड्यावर माझा विश्वास होता.

खरा प्रश्न: हे एकटंच आहे का?

पहिले काही दिवस मी फक्त आकड्याच्या मागे होतो. तज्ज्ञ बाईंनी मला मध्येच थांबवलं आणि म्हणाल्या, “आकडा बाजूला ठेवा. याच्याबरोबर आणखी काही आहे का, ते आधी शोधू.” सगळी दिशा तिथून लागली.

पोकळी मोठी दिसणं हा स्वतः आजार नाही, ती एक खूण आहे. तिच्यामागे पुष्कळ कारणं असू शकतात. द्रव वाहून जाण्याची अरुंद वाट बंद झालेली असू शकते. मेंदूचे दोन भाग जोडणारा पूल, कॉर्पस कॅलोसम, तयार झालेला नसू शकतो. मणका उघडा राहिलेला असू शकतो, मग लहान मेंदूचा आकारही बदललेला दिसतो. डाउन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांतला फरक असू शकतो. सीएमव्ही या विषाणूचा किंवा टॉक्सोप्लाझ्मोसिस या परजीवीमुळे होणाऱ्या आजाराचा संसर्ग असू शकतो. मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेला असू शकतो. आणि यांपैकी काहीच नसू शकतं. बाकी सगळं नीट, फक्त पोकळी थोडी रुंद, अशीही बाळं असतात, आणि सौम्य मापात ती बरीच असतात.

म्हणून तपासण्यांची रांग लागते. आम्ही प्रत्येकीपुढे वहीत एकच प्रश्न लिहिला: ‘हिचं उत्तर आलं की पुढे काय बदलेल?’ हा प्रश्न डॉक्टरांनाही विचारा. न रागावता उत्तर देतात.

सविस्तर स्कॅन पहिला. त्यात मेंदूचा प्रत्येक भाग, मणका, हृदय, हात-पाय, वाढ सगळं बघतात. हृदयाचा वेगळा इकोही बहुधा सांगतात.

आईचं रक्त संसर्गासाठी. सीएमव्ही हा फार सर्रास आढळणारा विषाणू आहे, लहान मुलांच्या लाळेतून, लघवीतून पसरतो. आईला साध्या सर्दी-तापापलीकडे काही जाणवतही नाही. रिपोर्टमध्ये आयजीजी ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह दिसली म्हणून हादरू नका, त्याचा अर्थ आयुष्यात कधीतरी संसर्ग होऊन गेला एवढाच. तो आत्ताचा आहे की जुना, हे आयजीएम (ताज्या संसर्गात दिसणारी अँटीबॉडी) आणि ॲव्हिडिटी (अँटीबॉडी किती घट्ट चिकटते ते) या चाचण्या एकत्र वाचून ठरवतात.

गर्भजल तपासणी, म्हणजे ॲम्निओसेंटेसिस. सुईने थोडं गर्भजल काढून गुणसूत्रं बघतात. मायक्रोॲरे नावाच्या चाचणीत साध्या तपासणीला न दिसणारे, गुणसूत्रांचे गळालेले किंवा जादा झालेले बारीक तुकडेही सापडतात, आणि त्याच पाण्यात संसर्गही शोधता येतो. गर्भपाताचा धोका अगदी कमी आहे, पण शून्य नाही. डाउन सिंड्रोमसारख्या ठळक गोष्टींचं उत्तर काही दिवसांत येतं, मायक्रोॲरेला दोन-तीन आठवडे लागतात. करायची की नाही हा निर्णय आईचा. मी हिला दोन्ही बाजू वाचून दाखवल्या आणि गप्प बसलो. ती म्हणाली, “माहीत असलेलं सोसेन, अंदाजावर नाही राहवणार.” आम्ही केली. कुणी नको म्हणालं, तर तेही तितकंच विचारपूर्वक असू शकतं.

एमआरआय. यात क्ष-किरण नसतात आणि गर्भासाठी करताना रंगद्रव्याचं इंजेक्शनही देत नाहीत. अर्धा-पाऊण तास आत पडून राहावं लागतं, आवाज मोठा असतो, कुशीवर झोपू देतात. माझ्यासारख्याला पटलेली गोष्ट अशी, की दोन वेगवेगळी साधनं एकच जागा मोजताहेत. २०१७ मध्ये ब्रिटनमधून मेरिडियन नावाचा अभ्यास आला. मेंदूत दोषाची शंका असलेल्या ५७० गर्भांमध्ये सोनोग्राफीचं निदान ६८ टक्के वेळा बरोबर निघालं, एमआरआयचं ९३ टक्के. आमच्याकडे एमआरआयने काही नवीन दाखवलं नाही, आणि तेच हवं होतं.

सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या आणि माप १० ते १२ मध्ये असलं, तर ९० टक्क्यांहून जास्त मुलांची वाढ नेहमीसारखी होते. १३ ते १५ मध्ये हे प्रमाण उतरतं, तरी बहुतेक मुलं ठीकच असतात. पण हे आकडे ‘एकटंच आहे’ हे सिद्ध झाल्यानंतरचे आहेत. तपासणीआधी ते स्वतःला लावू नका.

माप १५ च्या वर असेल तर

हे आमच्यावर आलं नाही, त्यामुळे इथे मी फक्त तेवढंच सांगेन जे शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिलं. गंभीर मापात निकालांचा पल्ला फार मोठा असतो. काही मुलं शस्त्रक्रियेनंतर चांगली वाढतात, काहींना आयुष्यभर मदत लागते, काही वाचत नाहीत. अशा वेळी बाळ जन्मण्याआधीच मुलांच्या न्यूरोसर्जनला भेटा. शंट म्हणजे काय, म्हणजे जादा द्रव पोटात नेणारी नळी, ती कधी लागते, बंद पडली तर काय दिसतं, हे त्यांच्याच तोंडून ऐका. गर्भधारणा पुढे न्यायची की थांबवायची, हा प्रश्न समोर आला तर कायद्याने किती आठवड्यांपर्यंत काय करता येतं, ते पहिल्याच भेटीत विचारा. देशागणिक नियम वेगळे आहेत, आणि रिपोर्टची वाट बघता बघता आठवडे निघून जातात. दोन्हीपैकी कुठलाही निर्णय घेणाऱ्या आईवडिलांना मी पाहिलंय. प्रेम दोन्हीकडे होतं.

घरात

माझी सर्वांत मोठी चूक इथली. रात्री दोन वाजता फोनवर वाचायचो आणि सकाळी हिला टक्के सांगायचो. मला वाटायचं मी धीर देतोय. एके दिवशी ती म्हणाली, “तू माझ्याशी बाळाबद्दल बोल ना. दहा दिवस झाले, तू फक्त आकड्यांबद्दल बोलतोयस.” त्यानंतर आम्ही ठरवलं, की संध्याकाळी अर्धा तास फाइल उघडायची, प्रश्न वहीत लिहायचे आणि फाइल बंद. उरलेल्या वेळात बाळ लाथ मारतं की नाही, नाव काय ठेवायचं, हेच. हे सगळ्यांना जमेलच असं नाही, पण फाइलला वेळ ठरवून दिल्याने आम्हाला झोप लागायला लागली.

हिचा दुसरा त्रास म्हणजे ‘माझ्याकडून काय चुकलं’. जड उचललं का, गोळी चुकली का, प्रवास केला म्हणून का. तज्ज्ञ बाईंनी एकेक प्रश्न ऐकून घेतला आणि प्रत्येकाला ‘नाही’ म्हणाल्या. हे ‘नाही’ नवऱ्याच्या तोंडून पुरत नाही. डॉक्टरांसमोर हा प्रश्न मोठ्याने विचारायला लावा.

नातेवाइकांसाठी एक वाक्य ठरवून ठेवा. आमचं असं होतं: “बाळाच्या मेंदूतली एक पोकळी मापाने थोडी मोठी आहे, तपासण्या चालू आहेत, कळलं की सांगू.” फोन मी घ्यायचो. ‘आमच्या ओळखीत एकाचं असंच होतं’ इथून सुरू होणारी गोष्ट मी ऐकून घ्यायचो, हिच्यापर्यंत जाऊ द्यायचो नाही.

भेटीला दोघांनी जा, एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. आधी विचारून रेकॉर्डिंगही करता येतं, बरेच डॉक्टर हो म्हणतात.

पुढचे स्कॅन आणि जन्मानंतर

स्कॅन दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा होतात. माप कमी होऊ शकतं, तेवढंच राहू शकतं, काहींचं वाढतं. आमचं अठ्ठाविसाव्या आठवड्याला ११.६ आलं. ११.३ वरून ११.६. मी पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिलो. नंतर लक्षात आलं, की ०.३ हा फरक त्या मोजमापाच्या चुकीच्या आतलाच आहे, त्याला वाढ म्हणता येत नाही. तेहतिसाव्याला १०.४ झालं. एका आकड्यावरून रडू किंवा हसू नका, रोख बघा.

सौम्य मापात बाळंतपण नेहमीसारखं होऊ शकतं. सिझेरियन लागतं ते डोकं फार मोठं असेल किंवा दुसरं काही कारण असेल तर.

जन्मल्यावर टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी होते. टाळू भरेपर्यंत ती खिडकी उघडी असते, वेदना काही नाही. मग महत्त्वाचं साधन म्हणजे साधी टेप. भुवयांच्या वरून, डोक्याच्या मागच्या बाजूला सर्वांत बाहेर आलेल्या भागावरून, न ताणणारी टेप गुंडाळायची, तीन वेळा मोजायचं, सर्वांत मोठा आकडा डोक्याच्या वाढीच्या तक्त्यावर टाकायचा. रेषा आपल्या पट्ट्यात चालली तर ठीक. पट्टे ओलांडून वर चढायला लागली तर डॉक्टरांना दाखवा. टाळू फुगलेली व ताणलेली वाटणं, वारंवार उलट्या, बाळ सुस्त होणं किंवा किरकिर न थांबणं, बुबुळं खाली ओढल्यासारखी दिसणं, यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आईला सीएमव्हीची शंका होती तर जन्मल्यावर लगेच, पहिल्या तीन आठवड्यांच्या आत बाळाची लघवी किंवा लाळ तपासायला सांगा, आणि ऐकण्याची चाचणी पुन्हापुन्हा करून घ्या, कारण ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं.

आमची मुलगी पंधराव्या महिन्यात चालली. बोलायला मात्र उशीर झाला, वाक्यं तिसऱ्या वर्षानंतर जुळायला लागली. त्या पोकळीमुळे का, हे कुणालाही सांगता आलेलं नाही, आणि आम्ही आता विचारतही नाही. आठवड्यातून एकदा स्पीच थेरपीला जातो. बाळ ठीक दिसतंय म्हणून वाढीच्या तपासण्या सोडू नका, उशीर लवकर कळला तर मदत लवकर सुरू होते. गरोदरपणातल्या स्कॅनच्या प्रती, एमआरआयची सीडी, गर्भजलाचा रिपोर्ट आणि डोक्याच्या मापांचा तक्ता एकाच फाइलमध्ये तारखेने लावून ठेवा. आम्ही तीच फाइल थेरपिस्टला पहिल्या दिवशी दिली. तिने तक्त्याचं पान आधी उघडलं.