कॉलेजचा मॅप वेबवर टाकायचाय? आधी पायात चप्पल घाला

ॲडमिशनच्या टायमाला गेटवरच्या वॉचमन काकांना दिवसभर एकच प्रश्न, स्टुडंट सेक्शन कुठाय, आणि काका हात करून सांगणार सरळ जा, लिंबाच्या झाडापासनं डावीकडं. आमच्या कॉलेजात लिंबाची झाडं पाच आहेत. शेवटी मी मॅपच करायला घेतला, सांगलीतल्या कॉलेजचा आहे पण कुठंही चालेल.

लीफलेट वापरा. वेबपेजवर मॅप दाखवायचा फुकटचा तयार कोड (जावास्क्रिप्ट लायब्ररी), २०११ पासनं आहे, साध्या मोबाइलवरपण पळते. खालचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला, घ्यायचा, फक्त कोपऱ्यातलं त्यांचं नाव काढायचं नाही. दहा-पंधरा ओळीत मॅप स्क्रीनवर दिसतो, ते काय विशेष नाही.

खरं काम चालण्याचं. वही घेऊन प्रत्येक दारापर्यंत जा, दारापर्यंत म्हणतोय, बिल्डिंगपर्यंत नाही. मी लायब्ररीची पिन बिल्डिंगच्या मधोमध टाकलेली, दार आहे मागनं, पोरं पुढच्या भिंतीपाशी जाऊन मोबाइल गोल गोल फिरवत उभी. भिंतीजवळ जीपीएस पण हलतो, म्हणून वहीत खूण करायची आणि घरी येऊन जिओजेसन डॉट आयओ या साइटवर मॅपवर क्लिक करून पॉइंट टाकायचे, फाइल सेव्ह. जागांची यादी ठेवायच्या या फाइलला जिओजेसन म्हणतात.

आता इथं सगळे गंडतात. जिओजेसन फाइलमध्ये आधी रेखांश मग अक्षांश, आणि लीफलेटला हातानं मार्कर दिला की बरोबर उलटं, आधी अक्षांश. सांगली साधारण १६.८५ उत्तर, ७४.५८ पूर्व. मी उलटं टाकलं आणि आमचं कँटीन गेलं नॉर्वेच्या वर समुद्रात, अर्धा तास मॅपवर शोधत होतो. अख्खी फाइलच लीफलेटच्या जिओजेसन फंक्शनला दिली तर ते स्वतः अदलाबदल करतं, तसंच करा. दशांशानंतर पाच आकडे बास, तेवढ्यात मीटरभराचा फरक कळतो.

सर्चसाठी प्रत्येक पॉइंटला 'बोलायची नावं' असा एक कॉलम ठेवा. 'प्रशासकीय इमारत' कोण टाइप करतंय हो? लोक टाकतात बोनाफाइड, स्कॉलरशिप, झेरॉक्स, पाणी, आणि मुली लेडीज टॉयलेट. म्हणजे माणूस बिल्डिंग शोधत नाही, काम शोधतो. बोनाफाइड टाकलं की खिडकी नंबर आणि मजला दोन्ही पॉपअपमध्ये आलं पाहिजे, मजला तर नक्कीच, पिनवरनं तो कळत नाही. ग्रंथालय, लायब्ररी, लायब्रेरी तिन्ही घाला.

'मी कुठाय' बटण द्यायचं तर साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित कनेक्शन, पत्ता https नं सुरू होतो) पाहिजे, नाहीतर ब्राउझर लोकेशन देतच नाही. गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहबच्या वेबसाइट ठेवायच्या सोयीवर, फुकट ठेवा, तिथं एचटीटीपीएस आपोआप मिळतं.

मॅप झाल्यावर पहिल्यांदा काकांनाच दाखवला. चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाले, मागचं गेट संध्याकाळी बंद असतंय, ते कुठं लिवलंयस? मग वेळेचा कॉलम वाढवला.