बाटली फुटते, झाकण अडकतं: पाण्याच्या बाबतीत या चुका टाळा

काचेची बाटली काठोकाठ भरली, बूच घट्ट लावलं, फ्रीझरमध्ये ठेवली आणि विसरलो. सकाळी बघतो तर तळाशी गोल चीर आणि काचेचे तुकडे बर्फाला चिकटलेले. काच हलकी निघाली म्हणून मी चरफडलो, पण चूक माझीच होती. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. लिटरभर पाण्याला ९० मिलिलिटर जादा जागा हवी. नाही मिळाली तर ते भांडं फोडून करून घेतं. आणि बाटली अरुंद मानेची असेल तर वर जागा सोडूनही भागत नाही, मानेत आधी बर्फ धरला की खालचं पाणी कोंडतंच. गोठवायचं असेल तर रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा घ्या, पाऊणच भरा.

तापवतानाही तेच. २० अंशांचं पाणी ८० अंशांवर नेलं की लिटरमागे २७ मिलिलिटर वाढतं. एवढंसं? पण पाणी दाबलं जात नाही. १ टक्का आकसायला हवेच्या दाबाच्या दोनशेपट दाब लागतो. म्हणून गीझरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, आणि पाणी तापताना तो थोडा ठिबकला तर ते त्याचं कामच आहे. ‘गळतोय’ म्हणून त्याला बूच मारणं ही या यादीतली सगळ्यात घातक चूक. गीझर बंद असतानाही धार लागत असेल, तर मात्र प्लंबरला बोलवा: व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकला असेल, नाहीतर लाइनलाच दाब जास्त असेल.

उलटा प्रकार प्लास्टिकच्या बाटलीचा. गरम पाणी भरून लगेच झाकण लावलं की तासाभरात ती चेपते. आतली वाफ पुन्हा पाणी होते, हवा आकसते, आणि बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ १ किलो वजनाने रेटते. थर्मासचं झाकण याच कारणाने घट्ट बसतं. सुरीने उचकटू नका, झाकणावर गरम पाण्याची धार धरा. ते जरा फुगतं आणि सैल होतं.

कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास असतं, दाबामुळे उकळी रोखलेली. झाकण जोर लावून उघडलं की दाब एकदम उतरतो आणि सगळं पाणी एकाच क्षणी उसळतं. झाकण सहज फिरत नाही म्हणजे वाफ अजून आत आहे. थांबा.

मायक्रोवेव्हमध्ये तर शिट्टीही नसते. गुळगुळीत मगातलं पाणी बुडबुडा न येता १०० अंशांच्या वर जाऊ शकतं, आणि चमचा घातला की हातावर येतं. आधीच लाकडी चमचा घालून ठेवा, आणि पाण्याचा मग बाहेर काढण्याआधी मिनिटभर तसाच राहू द्या.